बेचाळीस सेंटिमीटर

थोनबुरी, बँकॉक
७ मार्च

कुंग बाळा,

तुझा पत्ता मला गल्लीच्या तोंडावरच्या फलकावरून मिळाला. सहा वर्षांत त्यासाठी मी कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, आणि आता कंपनीनेच तो माझ्या दारापासून चाळीस पावलांवर खांबाला ठोकून दिलाय. वर इमारतीचं रंगीत चित्र, खाली बारीक अक्षरांत नावं. वास्तुरचनाकार म्हणून वोरवित, तुझं शाळेतलं नाव, आणि पुढे आपलं आडनाव. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग भाजीची पिशवी खाली ठेवून चौथ्यांदा वाचलं.

शेजारची लमदुआन हारांची टोपली घेऊन मागून आली. "काय बघतेस एवढं, पायोम? आपली घरं नाहीत त्या चित्रात. मी शोधून दमले. आपल्या जागी झुडपं काढलीत."

"अगं, ते खालचं नाव..."

"वाचलं मी सकाळीच. मुद्दाम बोलले नाही तुला."

बत्तीस मजले. आपल्या गल्लीत आजवर सर्वांत उंच काय होतं, तर आमनुआय गुरुजींची पाण्याची टाकी. जुन्या बर्फाच्या कारखान्याची जागा कंपनीने घेतली हे माहीत होतं, पण तिथे काय उगवणार आणि ते कुणाच्या हातून, हे आज कळलं. गल्लीत दुसरा विषय नाही. माझ्या भाताच्या गाड्यावर लोक कालवण कमी आणि मजले जास्त ढवळतात. तुझं नाव निघालं की मात्र सगळे एकदम वाटीत बघायला लागतात.

मोबाईलवर मी मजकूर पाठवत नाही. समोरच्याने वाचलं की नाही ते तिथे दिसतं आणि ते बघवत नाही. पत्राचं बरं असतं, ते पोचलंच असं धरून चालता येतं.

बाबांच्या अंत्यविधीनंतर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. तो विषय उकरायला हे पत्र नाही. हे पत्र फक्त इमारतीबद्दल आहे.

वेळेवर जेवतोस ना?

आई

२४ मार्च

कुंग,

उत्तर आलं नाही. कामात असशील.

रविवारी गुरुजींनी गल्ली मोजली. ते आता रहिवासी समितीचे अध्यक्ष आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ओरडायला कुणी उरलं नव्हतं, आता साठ घरं मिळालीत. त्यांनी नियम शोधून काढला. तुला तो माहीत असणारच, पण आम्हाला नवा होता. रस्ता सगळीकडे दहा मीटर रुंद असेल तरच उंच इमारत, नाहीतर आठ मजल्यांवर हात जोडायचे. लगेच टेप आला. एका टोकाला गुरुजी, दुसऱ्या टोकाला लमदुआन, आणि मागून सगळी वरात. तोंडाशी अकरा मीटर, देवळाच्या भिंतीशी साडेदहा. मग सगळे आपल्या वळणावर आले. गल्लीतली सर्वांत चिंचोळी जागा आपल्याच कुंपणापाशी आहे. तिथे भरलं दहा मीटर बारा सेंटिमीटर.

गुरुजींचा चेहरा पडला. "बारा सेंटिमीटरने मेलो आपण," ते म्हणाले.

तेवढ्यात लमदुआन भिंतीकडे बघत म्हणाली, "ही भिंत इथे कुठे होती? पायोमच्या सनानदादांनी ती आत घेतली होती. पोराच्या दीक्षेच्या वेळी."

सगळे माझ्याकडे वळले.

तुला आठवतं का रे? तू बावीस वर्षांचा होतास, रिवाजाप्रमाणे पावसाळ्यापुरता भिक्षू व्हायला निघालेला, डोकं नुकतं भादरलेलं, कान आणखीच मोठे दिसत होते. मिरवणुकीत मोठ्या कर्ण्यांची गाडी पाहिजे असा तुझ्या मामाचा हट्ट, आणि ती वळणावर अडकणार हे नक्की. बाबांनी आठ दिवस आधी आपली भिंत स्वतः फोडली आणि बेचाळीस सेंटिमीटर आत नवी बांधली. गाडी गेली, ढोल गेले, नाचणाऱ्या बायका गेल्या, आणि मामाच्या खांद्यावर बसून तू गेलास. भिंत मात्र आतच राहिली.

जमिनीच्या कागदावर हद्द अजून जुनीच आहे. गुरुजींनी तो कागद माझ्याकडून घेतला आणि दोन्ही हातांत धरून वाचला. "पायोमताई, ही पट्टी तुमची आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की भिंत मिरवणुकीपुरती मागे घेतली होती, परत पुढे घ्यायची राहून गेली. गल्ली नऊ मीटर सत्तर. विषय संपला."

कंपनी म्हणते, सतरा वर्षं लोक त्या पट्टीवरून चालतात, म्हणजे ती लोकांना दिलेली आहे. दिलेली की नुसती वापरू दिलेली, हे सांगू शकणारं माणूस आता एकच उरलंय, आणि ते सकाळी साडेचारला उठून कोळंबीची चटणी कुटतं.

परवा कंपनीची एक गोड मुलगी फळांची टोपली घेऊन आली. वर रेशमी फीत. मला वाटलं तूच पाठवलीस. ती जाईपर्यंत मी मोठ्या कष्टाने तोंड गंभीर ठेवलं आणि मग सगळी फळं टेबलावर काढून चिठ्ठी शोधली. चिठ्ठी होती, पण छापील. फळं मी देवळात देऊन आले.

आई

९ एप्रिल

कुंग,

आज लमदुआनशी भांडण झालं. चाळीस वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, पण ती मांजरावरून, किंवा कुणाचं पाणी कुणाच्या अंगणात गेलं यावरून.

तिच्या मागच्या अंगणात मोगऱ्याच्या दीडशे कुंड्या आहेत, ठाऊक आहे तुला. लहानपणी त्यांतल्या चार तू चेंडूने फोडल्यास. त्या मोगऱ्यावर तिचे हार, आणि हारांवर तिचं पोट. तुमच्या लोकांनी सावलीचा नकाशा वाटलाय. त्यात सकाळी तिचं अंगण सगळं काळं आहे.

"मोगऱ्याला ऊन लागतं, पायोम. त्याला नकाशा दाखवून चालत नाही."

"मला कळतं ते."

"मग बोल ना तसं! राहून गेली म्हण. दोन शब्द आहेत. तुझ्या जिभेला काय फोड आलाय?"

मी म्हटलं, "ती राहून गेली नव्हती. त्यांनी दिली होती."

आता तुलाही सांगते, कारण तू तेव्हा विहारात होतास आणि तुला हे माहीत नाही. तुझ्या दीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, झाली मिरवणूक, आता भिंत पुढे घ्या, माझी तुळशीची रोपं उघड्यावर पडलीत. ते हसले. पितळी तांब्या घेऊन भिंतीपाशी उकिडवे बसले, हात जोडून मंत्र पुटपुटले आणि त्या पट्टीवर पाणी सोडलं. म्हणाले, "पोराच्या पुण्यात माझंही थोडं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट झाली. दिलं ते दिलं." त्या वेळी मी एकटीच तिथे होते आणि रोपांवरून कुरकुरत होते.

पाणी सोडलेलं दान परत घ्यायचं, तेही देणारा गेल्यावर? लमदुआनला मी हेच विचारलं.

तिने सुईत आणखी दोन मोगरे ओवले. मग म्हणाली, "एक खोटं बोललीस तर काय आकाश कोसळणार आहे? हे काय तुझं पहिलंच असणार आहे?"

एवढं बोलून टोपली उचलून गेली. मी तिला विचारलं नाही की तिला काय म्हणायचंय.

चार दिवसांनी सोंगक्रान. सणाला मुलं घरी येतात, थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात. मी पाण्यात घालायला फुलं आणून ठेवते. दरवर्षीच ठेवते, तुझ्यासाठी म्हणून नाही.

आई

१७ एप्रिल

कुंग,

सोंगक्रान झालं. गुरुजींची दोन्ही मुलं आली, लमदुआनची पुतणी आली. तिने जाता जाता माझ्याही हातांवर पाणी घातलं. मी तिला आशीर्वाद दिला.

त्या पट्टीबद्दल विभाग कार्यालयाची सुनावणी पंचवीस तारखेला देवळाच्या मंडपात आहे. मी ठरवलंय. राहून गेली असंच सांगणार. बाबांना पुण्याची काय कमी होती? सगळ्या गल्लीच्या दारंखिडक्या त्यांनी फुकट दुरुस्त करून दिल्या. बेचाळीस सेंटिमीटर वजा झाले तर त्यांचं तिथे काही अडणार नाही. आणि खरं बोलले तर लोक म्हणतील, म्हातारीने पोरासाठी गल्ली विकली. ते म्हणतील ते मी सोसेन. पण मला स्वतःलाच उमगत नाही रे, की मी खरं बोलेन ते खरं आहे म्हणून, की तुझी इमारत उभी राहावी म्हणून. ती उभी राहिली तर तीन वर्षं तू कामावर येशील, रोज माझ्या गाड्यावरून जाशील, कधीतरी भूक लागेल. अशा हिशेबाने बोललेलं खरं हे खरं असतं का?

म्हणून खोटंच बरं. त्यात निदान माझा फायदा नाही.

रागावशील. रागाव. आत्ता तरी कुठे बोलतोयस?

आई

२५ एप्रिल

कुंग,

तू आलास.

मला वाटलं होतं कुणीतरी हाताखालचा येईल. मी मंडपात चपला काढत होते आणि समोर, कंपनीच्या टेबलापाशी तू. केस पांढरे व्हायला लागलेत तुझे. कुणी सांगितलं नव्हतं मला.

आपली बैठक कशी झाली ते तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या बाजूने लिहून ठेवते. पहिला तास नुसता गलका. गुरुजी आगीच्या बंबावर बोलले, मग नाल्यावर, मग पुन्हा बंबावर. दुचाकीवर भाडी नेणारा चाडेत उठला. "समितीने माझ्या नावाने बोलू नये," म्हणाला. "मी इथे भाड्याने राहतो. माझी बायको कामाला दोन तास जाते न् दोन तास येते. शहरात घरंच नाहीत. जमिनीवर जागा नाही, मग वर नको तर बांधायची कुठे, नदीत? आणि बत्तीस मजले म्हणजे माझं गिऱ्हाईक किती ते बघा की!"

"तुला गिऱ्हाईक, मला काळोख," लमदुआन म्हणाली.

कंपनीचा टायवाला म्हणाला, "सावली फक्त चार तास पडते, मावशी."

"कोणते चार?"

त्याने कागद चाळले. "सकाळचे."

"मग दुपारचे ठेव तुझ्याकडे."

सगळा मंडप हसला. तूही हसलास. लगेच तोंड खाली घातलंस, पण मी बघितलं.

मग तू बोललास. म्हणालास, तेवढीच घरं आठ मजल्यांत बसवली तर इमारत सगळ्या जागेभर पसरेल, कारखान्यामागचं जुनं चिंचेचं झाड जाईल, गल्लीवर भिंतीसारखी भिंत उभी राहील. उंच गेलो तर खाली अर्धी जमीन मोकळी राहते, तिथे गल्लीतल्या मुलांनाही खेळता येईल. तुझं बोलणं मला पटलं. लमदुआनचंही पटलं होतं. मी फार वाईट न्यायाधीश झाले असते. तुझा आवाज हुबेहूब बाबांसारखा झालाय, हे मात्र मी ऐकत बसले आणि मधली दोन वाक्यं हुकली.

मग विभाग कार्यालयाच्या साहेबांनी माझं नाव पुकारलं.

"आजी, भिंत मागे घेतली ती तात्पुरती, की कायमची?"

माझे दोन शब्द पाठ होते. गाड्यावर पळी ढवळताना मी ते आठ दिवस घोकले होते. गुरुजी मान हलवून धीर देत होते. लमदुआन बघत होती. आणि तू बघत नव्हतास. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होतास, लावत होतास. बाबांच्या अंत्यविधीनंतर मी तुला उत्तर दिलं, तेव्हाही तू खालीच बघत होतास. तेव्हा मी खोटं बोलले होते, आणि ते किती सहज निघालं होतं ते मला तिथे मंडपात आठवलं.

"दिली होती," मी म्हटलं. "पाणी सोडून दिली. मी समोर होते."

साहेबांनी ते लिहून घेतलं, मोठ्याने वाचलं, माझी सही घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, "पोराचंच बघणार ना शेवटी." गुरुजींनी टेप खिशात घातला. लमदुआन उठून निघून गेली, तिची चप्पल उलटी पडली होती तीसुद्धा सरळ केली नाही. मी बाहेर आले तेव्हा तुमची गाडी गेलेली होती.

आई

२६ एप्रिल

कुंग,

काल लिहायचं ते लिहिलं नाही. आता लिहिते.

तू मला विचारलं होतंस, "बाबांनी माझं नाव घेतलं का?" मी म्हटलं, नाही.

घेतलं होतं. नऊ दिवस अंथरुणावर होते, त्यांतले शेवटचे चार दिवस तुझंच नाव घेत होते. अर्धं अंग गेलं होतं, जीभ वळत नव्हती, पण कुंग म्हणायला जीभ फार वळावी लागत नाही. दाराकडे बघून म्हणायचे. फोन माझ्या उशाशी होता. मी उचलला नाही.

का, ते सांगते आणि त्यात माझी बाजू सावरत नाही. तू या घराला कुजक्या फळ्यांचा ढीग म्हणालास, विकून टाका म्हणालास. ते घर त्यांनी हाताने बांधलं होतं. त्यांनी तुला चालता हो म्हटलं आणि तू खरंच चालता झालास. दोन वर्षं फिरकला नाहीस. ती दोन वर्षं त्यांना तुझ्याविना जेवताना मी बघितलं. मला वाटलं, येऊ दे आपल्या पायांनी, मी बोलावणार नाही. मला तुझी जिरवायची होती. मला वाटलं, अजून दिवस आहेत. नव्हते.

आणि तू विचारलंस तेव्हा खरं सांगितलं तर तू मला कधी माफ करणार नाहीस, या भीतीने नाही म्हटलं. म्हणजे बाप मरताना तुला विचारत नव्हता, हे ओझं मी माझ्या पोराच्या खांद्यावर ठेवलं आणि स्वतः मोकळी झाले. मोकळी कसली.

त्यांचा राग केव्हाच गेला होता रे. तू आला असतास तर त्यांनी हात धरला असता. उजवा हात चालत होता.

आई

२० मे

कुंग,

तुझी चिठ्ठी आज आली. दोन ओळींची. मी तोंडपाठ केली, तरी पुन्हा लिहून बघते.

"बाबा गेल्यावर सातव्या दिवशीच लमदुआनमावशीने मला सांगितलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मी ती गाड्यावरच वाचली. चाडेतच्या ताटात कालवणाऐवजी गरम पाणी वाढलं. त्याने ताट परत पुढे केलं.

मेल्या, सहा वर्षं! मी इकडे तुझी वाट बघतेय, तू तिकडे माझी, आणि मधे एक नदी, आणि तिच्यावर एवढे पूल! बापावर गेलास. माझ्यावरही गेलास, नाही कसं म्हणू.

तशीच उठून लमदुआनकडे गेले. पंचवीस दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. कुंड्यांमधे बसली होती.

"तू सांगितलंस त्याला?"

"मग तू सांगणार होतीस?"

"सहा वर्षं माझ्या ओट्यावर बसून कॉफी पितेस, आणि तुला माहीत होतं?"

"तुझी कॉफी गोड असते," ती म्हणाली. "आणि तुला बोलून दाखवून काय उपयोग होता? घोड्याला पाण्यावर नेता येतं, पाजता येत नाही." मग कुंडी फिरवत म्हणाली, "मंडपात खरं बोललीस तेव्हा वाटलं, आता हिची गाडी रुळावर आली. माझा मोगरा मात्र गेला तिच्याखाली."

मी तिच्याजवळ बसले. आम्ही दोघी रडलो. ती मोगऱ्यासाठी रडली, असं ती म्हणते.

सुनावणीचा निकाल अजून लागलेला नाही. गुरुजी म्हणतात, माझ्या सहीनंतर तो कुणाच्या बाजूने लागणार ते दिसतंच आहे. भाताला येतात, पण दुसरीकडे बघून मागतात. ते फिटायला वेळ लागेल.

आता खरं बोलायची सवय लागलीच आहे, तर आणखी एक ऐक. तुझी इमारत मला आवडलेली नाही. उंचीचं जाऊ दे, तो तुमचा नि साहेबांचा प्रश्न. पण फलकावरच्या चित्रात स्वयंपाकघरांना खिडक्या नाहीत. मिरची परतली की माणसांनी जायचं कुठे? आणि इमारत एवढी पुढे, गल्लीच्या अंगावर कशाला आणलीस? मागे कालव्याकडे सरकव. मी आठ दिवस सकाळी मागच्या कुंपणाशी उभी राहून लमदुआनच्या अंगणातलं ऊन बघतेय. तेवढं सरकवलंस तर निम्म्या कुंड्यांना नऊपर्यंतचं ऊन मिळेल. मला नकाशा कळत नाही, ऊन कळतं. तू म्हणशील, आई, ते तसं नसतं. मी म्हणेन, मग कसं असतं ते उभा राहून दाखव. तू चिडशील, हात हलवून बोलायला लागशील, तिकडून लमदुआन ओरडेल.

हे पत्रात होणार नाही. ये आणि भांड माझ्याशी.

आई